पुठ्ठ्याची खिडकी

आमच्या कॉलेजात जिना चढून वर गेलं की उजव्या हाताला एक काचेचं कपाट आहे. मिरवण्यासारखी कामं त्यात ठेवायची पद्धत आहे. परवापरवापर्यंत त्यात एक पुठ्ठ्याचं घर होतं. बुटाच्या खोक्यातून कापलेल्या दोन खोल्या, मध्ये भिंत, आणि भिंतीला एक मोठी खिडकी. पाहुणे आले की मी त्यांना त्या घरापुढे उभं करायचे आणि पाठ झालेलं भाषण ठोकायचे. पाहुणे माना डोलवायचे. मग आम्ही चहा प्यायला जायचो.

मी डिझाइन शिकवते. माझी आई काटोलच्या मैत्रिणींना सांगते, 'पोरगी ड्रॉइंग शिकवते.' मी तिला दुरुस्त करणं सोडून दिलं आहे, कारण खरं काय ते सांगायला बसले की माझंच मला हसू येतं. दवाखान्यातली रांग, शाळेतलं जेवण, म्हातारी माणसं चढतात ती बस, अशा गोष्टी लोकांच्या सोयीच्या कशा करता येतील, याचा अभ्यास मी करते. त्यातही आमचा एक खास हट्ट असतो. उत्तर आम्ही घरून बांधून न्यायचं नाही. ज्यांना अडचण आहे त्यांच्याबरोबर सतरंजीवर बसायचं, हातात कात्री-फेविकॉल द्यायचं आणि उत्तर त्यांच्याच हातून घडू द्यायचं. ऐकायला छान वाटतं. मला आजही छान वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

जरीपटका वस्तीच्या बाजूला आम्ही जे काम घेतलं ते पाळणाघरांचं होतं. त्या गल्ल्यांमधल्या किती तरी बाया दुकानांत, दवाखान्यांत, लोकांच्या घरी कामाला जातात आणि लेकरं सांभाळणारं कोणी मिळत नाही. सासवा स्वतः कामाला जातात, शेजारणी एखाद्या दिवसापुरत्या हो म्हणतात. एका देणगीदार संस्थेने खर्च उचलला. बुद्धविहाराचा हॉल आम्हाला दुपारचा वापरायला मिळाला. मी आणि माझे विद्यार्थी रिकामी खोकी, रंगीत कागद, चिंध्या असं सगळं रिक्षात कोंबून तिथे पोचलो, तेव्हा जमलेल्या बाया आमच्याकडे पाहून खूप हसल्या. त्यांना वाटलं आम्ही लहान मुलांसाठी आलोय.

त्या भागात नाव घेण्यासारखं पाळणाघर एकच होतं. ते चालवणाऱ्या बाईंना पोरं मावशी म्हणत, म्हणून पोरांच्या आयाही मावशी म्हणत आणि मग आम्हीही. घराच्या पुढच्या खोलीत त्या लेकरं सांभाळायच्या. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ऐकू यावा. उशिरा न्यायला येणाऱ्या आयांना त्या उंबऱ्यातच झापायच्या. दुपारी सगळ्या पोरांना टीव्हीपुढे बसवून स्वतः पाय पसरून पडायच्या आणि हे आम्हाला सांगताना त्यांना जराही लाज वाटायची नाही. आमच्या कार्यक्रमाला मात्र लिपस्टिक लावून यायच्या. पोरांची वरात घेऊनच यायच्या, कारण त्यांना ठेवणार कुठे? हॉलच्या एका कोपऱ्यात पोरं आमचे कागद फाडत बसायची.

दुसरी, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले, ती बाजारातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये कामाला. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. माझ्या विद्यार्थ्यांनी तिचं नाव मॅचिंगवाली ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचंही. वय असेल चोवीस-पंचवीस. नवरा ट्रकवर, महिन्यातून काही दिवस घरी. नुकतं चालायला लागलेली एक मुलगी. दुपारी दुकानात गर्दी नसते, तेव्हा शेठला विचारून ती यायची आणि आली की आधी मावशीच्या घोळक्यातून आपली मुलगी उचलून तिच्या मानेत नाक खुपसायची.

पुठ्ठ्याचं घर तिचं. प्रत्येकीला आम्ही सांगितलं होतं की तुमच्या मनातलं पाळणाघर बनवा. कोणी झोके केले, कोणी बगीचा केला, एकीने तर लिफ्ट केली. मॅचिंगवालीने दोन खोल्या केल्या. एक दुकान, एक पोरीची खोली. दुकानात कापडाच्या चिंध्या रचून ताके लावले आणि एका लाल चिंधीची बोटभर बाई बनवून गल्ल्यामागे उभी केली. मग मधल्या भिंतीला ती खिडकी कापली.

"मी गिऱ्हाइकाले कापड दाखोतो," ती सगळ्यांना समजावून सांगू लागली, "अन् पोरगी मले इथून दिसते. तिले मी दिसतो. बस. मले अजून काईच नको."

तिची मुलगी पुढे आली, त्या खिडकीला डोळा लावला आणि खुदकन हसली. विद्यार्थ्यांनी फोटो काढले. तो फोटो नंतर आमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला.

शेवटच्या दिवशी मतदान होतं. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. सुचलेल्या कल्पना मोठ्या कागदांवर लिहून भिंतीला लावायच्या आणि प्रत्येकीने आपल्या आवडीच्या कल्पनेवर गोल रंगीत ठिपके चिकटवायचे. ठिपके आणायला आमची पोरं विसरली. मग कोणीतरी कोपऱ्यावरून टिकल्यांची पाकिटं आणली. बाया खूश झाल्या. भिंतीवर कल्पना चांगल्या होत्या: दुकानदारांनी मिळून बाजारातच खोली द्यावी, विहाराचा हॉल सकाळी उघडावा, असं बरंच काही. त्यातच एक होती की मावशींनी इतर बायांना शिकवावं, म्हणजे गल्लोगल्ली पाळणाघरं होतील.

सगळ्या टिकल्या तिथे जाऊन बसल्या. दुसरं होणार तरी काय? ज्यांची लेकरं मावशींकडे होती त्या आयांनी मावशींना दिल्या, मायेपोटी दिल्या. मॅचिंगवालीने वाट्याच्या टिकल्या लावल्या. त्या संपल्या तेव्हा तिने स्वतःच्या कपाळाची टिकली काढली आणि तीही तिथेच चिकटवली. हॉल टाळ्यांनी दणाणला. मीही वाजवल्या.

मावशी त्या कागदाकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता. मग त्या माझ्याजवळ आल्या आणि आवाज शक्य तेवढा खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, मी शिकवाले गेली तं मंग माह्ये पोट्टे?"

आणि मी म्हणाले, "बघू ना मावशी. करू काहीतरी."

हे वाक्य मी सरकारी कचेऱ्यांमध्ये शेकडो वेळा ऐकलंय आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या दिवशी ते माझ्याच तोंडून इतकं सहज आलं की मला पत्ताही लागला नाही. खोटं सांगत नाही, मला तेव्हा खरंच वाटत होतं की काहीतरी होईल. मावशींकडून शिकलेल्या बाया पाळणाघरं काढतील, तोवर थोडे दिवस आया इकडेतिकडे भागवतील. त्या थोड्या दिवसांचा कागद आम्ही भिंतीला लावलाच नव्हता.

मावशींना देणगीदार संस्थेकडून महिन्याचा पगार सुरू झाला. गळ्यात ओळखपत्र आलं. विद्यार्थ्यांच्या स्कूटरवर मागे बसून त्या वस्त्यावस्त्यांत शिकवायला जाऊ लागल्या आणि शिकवायच्याही झकास. लेकराचा ताप कसा ओळखायचा ते त्या सांगायच्या तेव्हाही ऐकणाऱ्या बाया खदाखदा हसत असायच्या. एकदा स्कूटरवरून उतरताना मला म्हणाल्या, "मॅडम, इतके वर्ष त्या एका खोलीत माह्या जीवाचं लोणचं झालतं. आता कसं मोकळं मोकळं वाटून राह्यलं." त्या आनंदाला मी काय म्हणणार होते? त्यांनी पाळणाघर बंद केलं. आयांना आठवडाभर आधी सांगितलं, रडल्यासुद्धा.

शिकलेल्या बायांचं जे झालं ते कोणालाही सुचायला हवं होतं. प्रमाणपत्र हातात आल्यावर चार पैसे जास्त देणारी घरं त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळाली. बंगल्यांमध्ये त्या एकेक लेकरू सांभाळू लागल्या. माझ्या सोबतच्या एका प्राध्यापिकेनेच एकीला ठेवून घेतलं आणि वर माझे आभार मानले. एकीने घरीच पाळणाघर काढायचं ठरवलं, तर घरमालक आडवा आला. बाकीच्यांना मी घरोघर जाऊन विचारलं तेव्हा सगळ्यांचं उत्तर एकच होतं. बायांच्या अडचणी आम्ही ज्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर उतरवून घेतल्या होत्या, त्यांवर ते पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं: 'दुसऱ्याचं लेकरू. काही झालं तर?' आम्ही त्या चिठ्ठीला 'विश्वासाची दरी' असं भारदस्त नाव दिलं होतं आणि बायांना ती दरी ओलांडता यावी म्हणून एक खेळही तयार केला होता.

मॅचिंगवालीने आधी मुलीला दुकानात नेऊन पाहिलं. गल्ल्यामागे बसवायची, हातात चिंध्या द्यायची. शेठनेही काही दिवस कानाडोळा केला. मग एका दुपारी पोरीने अस्तराच्या ताक्यांची रास अंगावर ओढून घेतली. लागलं काहीच नाही, पण गिऱ्हाईक ओरडलं, शेठ घाबरला आणि म्हणाला, उद्यापासून पोरीला आणायचं नाही. जमत नसेल तर तूही येऊ नको.

एका रविवारी सकाळी ती मुलीला घेऊन आमच्या घरी आली.

इथे माझ्या घराबद्दल सांगायला हवं. माझी मुलगी तीन वर्षांची आहे आणि तिला माझी आई सांभाळते. त्यासाठी आई काटोल सोडून माझ्याकडे राहायला आली. बाबा तिकडेच आहेत. शेजारच्या डब्यावर जेवतात आणि फोनवर भाजी कशी होती ते आईला सांगतात. पाळणाघरांच्या तुटवड्यावर मी जिथे जिथे बोलते तिथे तिथे वेळेवर पोचते, ते आईमुळे. भाषणात मी हे कधी सांगितलेलं नाही.

आईने दोघींना मुरमुऱ्याचा चिवडा दिला. दोन्ही मुली न्हाणीघरातली बादली ओढून आणून त्यात चमचे टाकत बसल्या. मॅचिंगवालीने माझ्याकडे फार काही मागितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मावशीनं शिकवलेल्या बायाइपैकी कोनी ठेवून घेईन का हिले? मी सगळीकडे विचारून राह्यली. शेठनं या हप्त्यापर्यंतच टाइम देल्ला."

मी नावं आठवत होते. एकेक नाव आठवायचं आणि गळायचं. तेवढ्यात आई दारातूनच म्हणाली, "इथंच आणून सोडत जाय ना वं. एकीले पाह्यतोच मी, तं दुसरी काय जड हाय? खेळतीन दोघी."

मॅचिंगवालीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर एकदम जे आलं ते मला अजून पुसता येत नाही. खिडकी कापताना ती अशीच दिसली होती.

आणि मी म्हणाले, "आई, तसं नाही गं. तुझं गुडघ्याचं दुखणं, दुसऱ्याचं लेकरू... काही झालं तर?"

बोलले आणि मला माझाच आवाज ऐकू आला. ती पिवळी चिठ्ठी मी शब्दन् शब्द वाचून दाखवली होती. अजूनही वेळ होता. मी लगेच म्हणू शकले असते की चुकलं, आण तिला, उद्यापासून आण. मी म्हणाले नाही. माझ्या डोक्यात रोजची सकाळची घाई होती, आईचं वय होतं, मुलीचा खोकला होता, आणि सगळ्यांच्या खाली, मला लिहितानाही लाज वाटते, पण माझं घर पाळणाघर व्हावं असं मला नको होतं. इतर बायांची घरं व्हावीत यासाठी मी वर्षभर राबले होते.

मला सोडवलं तिनेच. "नाई नाई आजी," ती घाईघाईने म्हणाली, "मॅडमचं बरोबर हाय. जोखमीचंच काम हाय थे." तिने मुलीच्या हातातला चमचा काढून घेतला, बादलीत ठेवला, आणि आईच्या पाया पडून निघाली. मुलगी जिन्यावरून बादलीसाठी रडत गेली.

दार लावून आई आत आली. ती माझ्यावर कधी चढ्या आवाजात बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही. "तुह्यी पोट्टी माह्यापाशी ठेवली तवा नाई सुचलं तुले, काही झालं तं?" एवढंच म्हणाली आणि ताटल्या उचलून मोरीकडे गेली.

त्यानंतर मी काय केलं? पुण्याला जाऊन आमच्या कामाचं सादरीकरण केलं. पुठ्ठ्याच्या घराचा फोटो पडद्यावर भिंतीएवढा झाला. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, प्रश्न विचारले. पाळणाघरं आता किती चालतात हे कोणी विचारलं नाही. मी वाट बघत होते आणि घाबरतही होते. परतीच्या गाडीत मला रात्रभर झोप लागली नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी चांगली झोपले.

मॅचिंगवाली मला परत भेटली ती मीच गेले म्हणून. निमित्त साडीच्या ब्लाउजचं केलं होतं. कोणत्याही दुकानात ब्लाउजपीस मिळतो, पण मी ठरवून तिच्याच दुकानात गेले. तिला कामावर पाहून माझा जीव भांड्यात पडला. चला, नोकरी तरी टिकली, मला वाटलं. तिने साडीचा काठ बोटांत धरला, मागे न बघताच एक ताका ओढला आणि माझ्यासमोर उलगडला.

"मुलगी कशी आहे?" मी विचारलं.

"पारशिवनीले हाय, माह्या आईपाशी. मी जातो ना रविवारी." ती कापड मोजत राहिली. "सकाळच्या बसनं जातो, संध्याकाळी येतो. आधी आधी लय रडे निघताना. आता नाई रडत."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने मला बोलू दिलं नाही. कापड फाडलं, घडी घातली आणि विचारलं, "मॅडम, थे घर हाय का वं अजून तुमच्या कॉलेजात? माह्यं खिडकीवालं? मले भेटन का? तिले खेळाले होईन."

कपाटातली वस्तू बाहेर काढायला आमच्याकडे अर्ज करावा लागतो. मी केला नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली घेतली, घर काढलं, त्यावर मीच डकवलेली 'वापरकर्तीची मूळ गरज : परस्पर दिसणे' अशी पट्टी खरवडून टाकली आणि शनिवारी दुपारी दुकानात नेऊन दिलं. चांगलं काहीतरी करतोय या भावनेने माझी छाती जरा फुगलीसुद्धा होती.

तिने घर गल्ल्यावर ठेवलं, चहूबाजूंनी पाहिलं. ते तिच्या आठवणीपेक्षा मोठं निघालं असावं. "एवढं बसमंधी कसं नेऊ?" ती स्वतःशीच म्हणाली. रविवारी पारशिवनीच्या बसला पाय ठेवायला जागा नसते. तिने खालून एक जुनी कात्री काढली. चांगल्या कात्रीने पुठ्ठा कापला की धार जाते, म्हणाली. आणि माझ्यासमोर तिने घराचे दोन भाग केले. अगदी नीट, अस्तर कापावं तसं सरळ. मधली भिंत खिडकीसकट पोरीच्या खोलीला राहील अशी काळजी घेतली. तो भाग कापडी पिशवीत बरोबर बसला.

"हे दुकान तुमीच ठेवा, मॅडम," ती उरलेला भाग माझ्याकडे सरकवत म्हणाली. "तिले काय करायचं दुकान?"

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती साधंच बोलली. गिऱ्हाईक आलं होतं. मी अर्धं घर उचललं आणि निघाले.

घरी येऊन मी ते टेबलावर ठेवलं तेव्हा पाहिलं की गल्ल्यामागची लाल चिंधीची बाई अजून तिथेच उभी होती, फेविकॉलने घट्ट. समोरची भिंत गेली होती. ती बाई सरळ आमच्या हॉलमध्ये बघत होती. त्या बाईला काढून पोरीच्या खोलीत ठेवायचं ना मॅचिंगवालीला सुचलं, ना मला. तिला कळवायला मी फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

तेवढ्यात माझी मुलगी आली. तिने टाचा उंचावून हात घातला, बाईला खसकन उपटलं आणि छातीशी धरलं. "ही माझी आई," ती म्हणाली. ती प्रत्येक बाहुलीला असंच काहीतरी म्हणते.

"तुझी नाही ती!" मी ओरडले आणि तिच्या हातातून ती चिंधी हिसकावून घेतली. एवढ्या जोरात मी तिच्यावर आजवर ओरडले नव्हते. तिने भोकाड पसरलं. आई लसूण सोलत होती. तिने पाटी तशीच बाजूला सारली, गुडघ्यावर हात देऊन उठली, तिला उचलून खांद्यावर टाकलं आणि पाठ थोपटत गॅलरीत नेलं.

मी ती लाल बाई मुठीत धरून उभी होते. माझी मुलगी थोड्याच वेळात गप्प झाली. तिला उचलून घ्यायला घरात माणूस होतं.